एका कोयत्यात माणसं किती?

“टोळीत माणसं किती आहेत?”

“पंधरा कोयते.”

मी माणसं विचारली होती, मुकादमाने कोयते सांगितले. शिरोळ तालुक्यातला उसाचा फड, कलती उन्हं, बांधाला लागलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. त्याने वही उघडून दाखवली. पंधरा ओळी, पंधरा पुरुषांची नावं, प्रत्येकापुढे उचलीची, म्हणजे आगाऊ घेतलेली, रक्कम आणि सही किंवा अंगठा. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो ऊस तोडतो. ती पाचट साळते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवते. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता.

शेजारीच एक बाई मोळी आवळत होती. मी विचारलं, “यांचं नाव कुठल्या ओळीत?”

“ती त्याच्यातच आली की.”

आजचं सदर या चार शब्दांबद्दल आहे.

मुकादमाची वही हाही डेटाच आहे. किती कोयते, किती उचल, किती टन तोड, किती खाडे, सगळं त्यात आहे. समजा, राज्यातल्या सगळ्या मुकादमांच्या गेल्या वीस वर्षांच्या वह्या गोळा केल्या, संगणकात भरल्या आणि त्यावर जगातला सर्वांत हुशार प्रोग्रॅम चालवला. कोट्यवधी नोंदी होतील. सुंदर आलेख निघतील. त्यांतून एकही बाई बाहेर येणार नाही, कारण ती आत गेलेलीच नाही.

हे आत्ता सांगायचं कारण असं की समाज समजून घेण्याचा एक नवा मार्ग आपल्याला सगळीकडून सुचवला जातोय. लोक फोनवर काय शोधतात, कुठे जातात, कशावर पैसे खर्च करतात, कुणाशी किती वेळ बोलतात, हे सगळं आपोआप नोंदलं जातं. मग दारोदार जाऊन प्रश्न विचारायचे कशाला? पाहणी, जनगणना, शाळामास्तरांच्या हातातले तक्ते हे सगळं जुनं झालं. बिग डेटा आला, आता समाज स्वतःच स्वतःबद्दल बोलेल.

कोण बोलेल? ज्याच्या हातात फोन आहे तो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. महाराष्ट्रात कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष होते ६१ टक्क्यांच्या वर आणि बायका ३८ टक्के. त्यानंतर फोन वाढले, हे खरं. पण घरातला एक फोन नवऱ्याच्या खिशात असतो, त्यावर मुलगा खेळतो आणि बाईला तो माहेरी बोलण्यापुरता मिळतो. त्या फोनची सगळी हालचाल एका माणसाच्या नावावर जमा होते. ती त्याच्यातच आली.

मुकादमाच्या वहीत आणि मोबाइल कंपनीच्या सर्व्हरमध्ये या एका बाबतीत काही फरक नाही.

*

आकडा मोठा असला की तो खरा असतो, ही समजूत नवी नाही. ती आपटली, तेही नवं नाही.

१९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना कौलपत्रिका पाठवल्या. तेवीस लाखांच्या आसपास परत आल्या. आकाराने हा कौल अवाढव्य होता. साप्ताहिकाने सांगितलं, रिपब्लिकन लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट ६१ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारींच्या नोंदींतून. महामंदीच्या त्या काळात ज्याच्याकडे फोन किंवा मोटार होती तो आधीच वेगळा माणूस होता. त्यातही उत्तर पाठवणारे वेगळे. तेवीस लाख माणसं चुकली, कारण ती देशासारखी नव्हती. जॉर्ज गॅलप यांनी त्याच्या कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं.

बहात्तर वर्षांनी, २००८ मध्ये, गूगलने ‘फ्लू ट्रेंड्स’ सुरू केलं. कल्पना खरोखर सुंदर होती. फ्लूची साथ कुठे आहे हे अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेला डॉक्टरांच्या अहवालांवरून कळायला एक-दोन आठवडे लागायचे. पण आजारी माणूस आधी गूगलवर शोधतो. मग पाच कोटी शोधशब्दांतून ४५ निवडले आणि त्यांवरून साथ ताबडतोब ओळखायची, असं ठरलं. २००९ मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला. जगभर कौतुक झालं.

त्याच वर्षी स्वाइन फ्लूची पहिली लाट आली आणि ती या यंत्राला नीट दिसली नाही, कारण ती अवेळी आली होती. पुढे २०१२-१३ च्या हिवाळ्यात यंत्राने प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट फ्लू दाखवला. डेव्हिड लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये हिशेब मांडला: ऑगस्ट २०११ पासूनच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे अंदाज जास्तीचे होते. फ्लू हिवाळ्यात येतो आणि शाळांच्या बास्केटबॉलच्या स्पर्धाही हिवाळ्यातच होतात. दोन्हींचे शोध एकाच वेळी वाढतात. ताप कुठला आणि थंडी कुठली, हे यंत्राला वेगळं काढता येत नव्हतं. त्यात गूगल स्वतःच शोधाच्या सूचना बदलत होतं, म्हणजे मोजपट्टी रोज थोडी ताणली जात होती. २०१५ मध्ये हा प्रयोग बंद झाला.

लेझर यांच्या गटाने बिग डेटा फेकून द्या असं म्हटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं की जुन्या, कष्टाने गोळा केलेल्या आकड्यांशी तो जोडा. जोडला तर उपयोग होतो. मी तेच म्हणतोय.

आणि उपयोग होतो तेव्हा केवढा होतो! जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समधून लोक वाट फुटेल तिकडे निघाले. अन्न-औषधं कुठे पाठवायची? स्वीडनमधल्या संशोधकांनी १९ लाख सिमकार्डांची हालचाल तपासली आणि १९ दिवसांत सुमारे ६ लाख ३० हजार माणसं शहर सोडून गेली, ती कुठल्या प्रांतांत गेली, हे दाखवलं. नंतर प्रत्यक्ष पाहणी झाली तेव्हा प्रांतांचं चित्र जुळलं. पण सिमकार्डांवरून माणसांवर यायला त्यांना एक जुना आकडा लागलाच: शहरात मुळात माणसं किती होती?

शाळेत आपण अपूर्णांक शिकलो. वर अंश, खाली छेद. फोन, ॲप, कार्ड, कॅमेरे हे सगळे अंश देतात. इतके गेले, इतके आले, इतक्यांनी विकत घेतलं, इतके रडले. कितींपैकी? ते छेद सांगतो. छेद माहीत नसेल तर अंश कितीही मोठा असो, त्याला अर्थ नाही.

*

छेदाने काय होतं, ते महाराष्ट्राने सोसून पाहिलं आहे.

गर्भातली मुलगी पाडली जाते तेव्हा त्याची नोंद कुणी करत नाही. डॉक्टर लिहीत नाही, घरचे बोलत नाहीत, जी बाई सोसते तिला विचारलं जात नाही. या गुन्ह्याचा डेटा नसतोच. मग तो कळला कसा? शून्य ते सहा वयोगटातल्या सगळ्या मुलांना आणि सगळ्या मुलींना मोजलं म्हणून. हजार मुलांमागे मुली किती, हा साधा भागाकार केला म्हणून. २००१ मध्ये महाराष्ट्राचा आकडा ९१३ होता. २०११ मध्ये तो ८९४ झाला. बीड जिल्हा याच दहा वर्षांत ८९४ वरून ८०७ वर आला. हजारामागे जवळपास दोनशे मुली कमी!

जे घडलं ते मोजायला नोंदी पुरतात. जे घडलंच नाही, जी जन्मलीच नाही, ते मोजायचं तर सगळ्यांना मोजावं लागतं. कुठलंही ॲप हे काम करू शकत नाही. न जन्मलेल्या मुलीचा फोन नसतो.

आणि मोजलं की हलता येतं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. कायदा कागदावर राहतो, तशी बरीच वर्षं गेली. पण २००१ च्या जनगणनेत कोल्हापूरचा आकडा ८३९ निघाला. सधन जिल्हा, साखरेचा, दुधाचा, शाहू महाराजांचं नाव सांगणारा. त्या आकड्याने जिल्ह्याची मान खाली गेली. सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणं सुरू झालं, संस्था उभ्या राहिल्या, गावसभांत बोललं गेलं. २०११ मध्ये कोल्हापूर ८६३ वर आलं. पुरेसं नाही, मुळीच नाही. पण त्याच दहा वर्षांत राज्य खाली जात असताना हा जिल्हा वर आला. एका आकड्याने केलेलं हे काम आहे.

मग तो आकडा आज किती आहे?

जनगणनेकडे त्याचं उत्तर २०११ चंच आहे. १८८१ पासून या देशात दर दहा वर्षांनी जनगणना झाली. १९४१ मध्ये महायुद्ध चालू होतं, तरी शिरगणती झाली. २०२१ ची झाली नाही. करोना होता, हे कारण २०२१ पुरतं मान्य. २०२२, २०२३, २०२४? जून २०२५ मध्ये अखेर अधिसूचना निघाली आणि संदर्भाची तारीख ठरली १ मार्च २०२७. दहा वर्षांच्या जागी सोळा. या सोळा वर्षांत एक अख्खी पिढी शाळेत जाऊन बाहेर पडली.

नुसता उशीर झाला असता तर एवढं बोललो नसतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात किती लोकांना स्वस्त धान्य मिळणार, हे २०११ च्या लोकसंख्येवर ठरलं: सुमारे ८१ कोटी. लोकसंख्या वाढली, छेद गोठला. ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी २०२० मध्येच सहकाऱ्यांसह हिशेब केला होता की यामुळे दहा कोटींच्या वर माणसं रेशनच्या बाहेर राहताहेत. नंतर जन्मलेलं मूल आईबापाच्या कार्डावर चढवायला गेलं की ‘कोटा भरला’ असं उत्तर मिळतं. कोटा कसला भरला? मोजायचं राहिलं.

आणि तज्ज्ञांच्या बाजूनेही पाहा. रोजगाराची पाहणी, खर्चाची पाहणी, आरोग्याची पाहणी, सगळ्यांचे नमुने जनगणनेच्या चौकटीतून काढतात. २०११ नंतर जी वस्ती शहराच्या कडेला उभी राहिली, ती त्या चौकटीत धड बसत नाही. मोबाइलच्या डेटाला वजन द्यायचं तरी हाच जुना छेद. पाया सोळा वर्षांचा जुना आणि वर मजल्यावर मजले चढताहेत.

*

पिंपळे सौदागर माहीत आहे ना? पिंपरी-चिंचवडमधलं, हिंजवडीला जाणाऱ्या आयटीवाल्यांचं. तिथल्या माणसांनी काल रात्री काय मागवून खाल्लं, हे चार ॲपना ठाऊक असेल.

या गावाला मोजणीचा एक वेगळा वारसा आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान यांनी सहकाऱ्यांबरोबर हे गाव घरोघर, शेतोशेत मोजलं. १९१७ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. त्यांनी जुनी कागदपत्रंही चाळली आणि एक साखळी लावली. १७७१ मध्ये सरासरी धारण चाळीस एकर. १८१८ मध्ये साडेसतरा. १९१४-१५ मध्ये सात. साठ टक्के धारणा पाच एकरांच्या आतल्या. सरकार म्हणायचं शेतकरी आळशी आहे, उधळ्या आहे. मान यांच्या तक्त्याने दाखवलं की जमिनीचे तुकडेच एवढे झालेत की पोट भरणं कठीण. एका गावाच्या मोजणीतून दीडशे वर्षांचा समाजबदल डोळ्यांसमोर आला.

त्या आकड्यांची ताकद त्यांच्या आकारात नव्हती. एकही घर सुटलं नव्हतं, प्रश्न जागेवर जाऊन विचारले होते आणि एकक बरोबर निवडलं होतं. यातलं तिसरं सर्वांत अवघड. आपण कशाला ‘एक’ म्हणतो? एक खातेदार, एक कुटुंब, एक सिमकार्ड, एक कोयता. जो हे ठरवतो तो निम्मं उत्तर आधीच लिहून ठेवतो.

एककाने समाज नुसता मोजला जात नाही, घडतोही. अर्ध्या कोयत्याला उचल कमी, टोळीत मागणी कमी. मग मुलगा कामाला लागायच्या वयाचा झाला की घरच्यांना त्याची जोडी पूर्ण करायची घाई होते. मुलगी घरी एकटी मागे ठेवायची भीती, हे दुसरं कारण. मुकादमाच्या वहीतलं एकक लग्नाचं वय ठरवायला लागतं. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठरा पूर्ण व्हायच्या आत लग्न झालेल्या, राज्यात सुमारे २२ टक्के. ऊसतोड्यांच्या बीड जिल्ह्यात ४३.७.

घराच्या आतलं एककही असंच. जनगणनेचा कर्मचारी दारात आला की उत्तर कोण देतं? आमच्या घरी वडिलांनी दिलं होतं. आई पहाटे पाचला उठून बंबात पाणी तापवायची, ते रात्री अकराला ओटा पुसून झोपायची. “मंडळी काय करतात?” “काही नाही. घरीच असते.” मोजणीला आलेल्या मास्तरांनी तसं लिहून घेतलं. आई आत भाकऱ्या थापत होती आणि तिने ते ऐकलं. पस्तीस वर्षं झाली, मला ते वाक्य अजून टोचतं.

त्या ‘काही नाही’ला अखेर आकडा मिळाला तो देशव्यापी वेळ-वापर पाहणीमुळे. पहिली २०१९ मध्ये झाली, दुसरी २०२४ मध्ये. साडेचार लाखांच्या आसपास माणसांना विचारलं गेलं: काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत दर अर्ध्या तासाला काय केलंत? २०२४ चं उत्तर असं. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. जे पुरुष असं काम करतात ते ८८ मिनिटं. आणि मुळात करतात किती? शंभरातल्या ८१ बायका, २७ पुरुष. पाच वर्षांपूर्वीचे आकडे जवळपास हेच होते, २९९ आणि ९७. पाच वर्षांत देशात केवढं काय काय बदललं म्हणतात. ओटा कुणी पुसायचा ते बदललं नाही. ही बातमी कुठल्याही ट्रेंडिंग यादीत आली नसती. ती प्रश्न विचारल्यामुळे आली, आणि बाईलाच विचारल्यामुळे आली.

*

आता कोयत्याकडे परत येतो.

बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जाताहेत, हे आधी बायकांनी सांगितलं. मग कार्यकर्त्यांनी, मग पत्रकारांनी. वर्षानुवर्षं उत्तर एकच होतं: तुरळक प्रकार असतील. २०१९ मध्ये ओरड वाढली, राज्याने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जिल्ह्यात मोजणी झाली. ८२,३०९ ऊसतोड बायकांना विचारलं. १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती.

सहा जणींमागे एक! देशभरात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत हे प्रमाण तीनच्या आसपास आहे. वयोगट नेमके जुळत नाहीत, तरी हे अंतर वयाने भरून निघणारं नाही. पाळीच्या चार दिवसांत फडावर सुट्टी नाही, खाडा झाला तर दंड, न्हाणीघर नाही, पाणी लांब, त्यातून अंगावरून जाणं, दुखणं. मग एखादा खासगी डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाका, कॅन्सर होईल. बाई तिशीत असते. कर्ज काढून शस्त्रक्रिया, आणि ते फेडायला पुन्हा उचल.

हे सगळं कोणत्या बिग डेटात होतं? कशातच नव्हतं. ८२,३०९ हा छेद मिळाला आणि तुरळक हा शब्द मेला.

राज्यात ऊसतोड कामगार एकूण किती? आठ लाख, दहा लाख, बारा लाख, जो बोलतो त्याचा आकडा वेगळा. एवढ्या मोठ्या उद्योगात उसाचा प्रत्येक टन वजनकाट्यावर मोजला जातो, साखरेचा उतारा दशांशात सांगितला जातो, आणि माणसं अंदाजे.

मोजता येत नाहीत म्हणून? एप्रिल २०२०, टाळेबंदी. मजूर फडांवर अडकले. त्यांना घरी पाठवायचं ठरलं तेव्हा ३८ कारखान्यांच्या तळांवर सव्वा लाखाहून जास्त माणसं आहेत, हे सरकारला चटकन सांगता आलं. कारखान्यांना माणसं ठाऊक असतात. विचारणारा लागतो.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्राच्या कामगार खात्याने लोकसभेत सांगितलं की टाळेबंदीत वाटेत किती स्थलांतरित मजूर मेले याची माहिती उपलब्ध नाही. रस्त्याने चालणाऱ्या कितीतरी मजुरांच्या खिशात फोन होता. टॉवर त्यांची नोंद घेत होते. डेटा होता, ज्ञान नव्हतं. त्या दोन्हींच्या मध्ये एक माणूस लागतो, ज्याला उत्तर हवं असतं.

आणि हवं असतं तेव्हाही कशासाठी, हे विचारलंच पाहिजे. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने एक आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या पानांवरच्या आनंदी किंवा दुःखी मजकुराचं प्रमाण बदललं आणि त्यांच्या मनावर काय परिणाम होतो ते पाहिलं. त्यांना सांगितलं नव्हतं. दोन वर्षांनी निबंध छापून आला तेव्हा जगाला कळलं. फोनमधून आपली रोज अशी मोजणी होते, आपल्या नकळत, कुणाच्या तरी विक्रीसाठी. याउलट १९४८ चा जनगणना कायदा सांगतो की एखाद्या घराची नोंद गुप्त राहील, न्यायालयातही पुरावा म्हणून चालणार नाही. समोर उभं राहून विचारायचं, उत्तर झाकून ठेवायचं आणि बेरीज सगळ्यांना द्यायची. समाजाचा अभ्यास करायची याहून सभ्य रीत मला माहीत नाही. या वेळी कर्मचाऱ्याच्या हातात मोबाइल ॲप असेल. हरकत नाही. वचन तेच राहिलं पाहिजे, आणि आपण त्यावर डोळा ठेवला पाहिजे.

*

जनगणनेच्या वेळापत्रकात एक खड्डा आहे, आणि तो आत्ताच दाखवायला हवा.

घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळातला. तेव्हा ऊसतोडीची घरं भरलेली असतात. केज, धारूर, पाथर्डी, आष्टीच्या वाड्या-तांड्यांवर माणसं असतात, घरांना क्रमांक पडतात. माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. तो ऐन गळिताचा हंगाम. त्याच घरांना तेव्हा कुलूप असेल, ओसरीवर एखादी म्हातारी आणि शाळेसाठी मागे ठेवलेली दोन पोरं. म्हातारी सांगेल, ती तिकडं गेलीत. कर्मचारी पुढच्या घरी जाईल. आणि तिकडे, कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात, कर्नाटकच्या हद्दीत, उसाच्या कडेला प्लॅस्टिकच्या कोप्या असतील. त्या कुठल्या गावाच्या यादीत नाहीत, कुठल्या गल्लीत नाहीत. दोन गावांच्या मध्ये माणूस असा सहज हरवतो.

या वेळी जातही मोजली जाणार आहे, १९३१ नंतर पहिल्यांदा संपूर्ण. ऊसतोडीत वंजारी, बंजारा, दलित, भिल्ल, धनगर घरं मोठ्या संख्येने आहेत. ती फेब्रुवारीत सुटली तर पुढची दहा वर्षं, कदाचित सोळा, प्रत्येक वाट्यातून सुटतील.

म्हणून प्रत्येक कारखान्याने जानेवारीतच आपल्या तळांची आणि कोप्यांची यादी जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी. त्या तळांसाठी वेगळे कर्मचारी नेमावेत, बीडकडचे असले तर उत्तम, बोली कळते. घराला कुलूप दिसलं तर घर कुठल्या कारखान्यावर गेलंय ते विचारून लिहावं. आणि बाईचा व्यवसाय बाईला विचारावा.

दुपारी जाऊन उपयोग नाही. पहाटे चारला ती फडावर गेलेली असते. गाडी भरून परतेपर्यंत अंधार पडतो, मग चूल पेटते. रात्री आठनंतर जा. कोप्यांत वीज नसते, बॅटरी बरोबर न्या. मुकादम वही पुढे करील आणि पंधरा म्हणेल. वही बाजूला ठेवा, वाकून कोपीत शिरा आणि चुलीपाशी बसलेल्या बाईला विचारा, “ताई, तुमचं नाव सांगा.”